पाठमोरी

घरात नवा कॅमेरा किंवा नवी लेन्स आली की यांचा पहिला प्रयोग माझ्यावरच. मला पाठमोरी उभी करायचे आणि खांद्यांवर, मणक्यावर पडलेला उजेड टिपत बसायचे.

“अहो, एकदा तरी तोंडाचा फोटो काढा की,” मी कुरकुरायचे.

“चेहरा दिसला की लोक देह बघायचं सोडून नाव विचारतात,” हे म्हणायचे.

यांच्या प्रदर्शनात भिंतभर मीच असायचे आणि मला कुणी ओळखायचं नाही.

आता हे सगळंच विसरलेत. आज सकाळी चहा दिला, तर माझ्याकडे निरखून बघत म्हणाले, “बाई, तुम्ही कोण?”

डोळ्यांतलं पाणी दिसू नये म्हणून मी पाठ फिरवली.



“अगं, इथंच आहेस होय? मघापासून शोधतोय तुला.”