अनवाणी संगीतखुर्ची

सुट्टीतल्या मेळाव्यात आमची ऐकू न येणारी मुलं संगीतखुर्ची खेळत होती. हॉलची जमीन लाकडी फळ्यांची. मी ढोल जमिनीला टेकवून वाजवायचो, मुलांच्या अनवाणी तळव्यांना ठेका कळायचा. ठेका थांबला की खुर्ची पकडायची.

या खेपेला मी थांबलो, पण कुणीच बसलं नाही. मुलं त्याच लयीत खुर्च्यांभोवती फिरत राहिली.

मी लेकीसमोर जाऊन खुणेनं सांगितलं, "ढोल बंद झालाय."

"तुझा झाला, बाबा," तिनं हातांनी उत्तर दिलं. "खालच्याचा चालू आहे. पण तो दमलाय. आता जो बाद होईल, त्यानं खाली जाऊन वाजवायचं."

पोरांच्या डोक्यात काय काय येतं, म्हणून मला हसू आलं. दाराशी बसलेल्या रखवालदाराला मी विचारलं, "फळ्यांखाली काय आहे हो?"

"काय असणार? माती."

पाणी प्यायला गेलेल्या मुलाच्या जागी लेकीनं मला ओढलं. पायातले बूट न काढताच मीही फिरू लागलो.

एकाएकी सगळी मुलं धपकन बसली. लेकीनं वळून माझ्याकडे पाहिलं आणि तिचं हसू मावळलं.

उभा होतो तो मी एकटाच.