मंजूर मजकूर

"अरे, मंजूर झालं!" मी किंचाळलेच. मांडीवर पेंगणारी चिऊ दचकली आणि नवरा टॉवेलमध्येच धावत आला.

माझ्यासारख्या लेकुरवाळ्यांसाठी केलेले डिंकाचे लाडू डब्यांत पडून होते, कारण तयार झाल्याचा मेसेज कुणाला पोहोचतच नव्हता. धंद्याचा मेसेज सगळ्यांना एकदम जायला आधी कंपनीकडे नंबर आणि मजकूर, दोन्हींची नोंदणी लागते. माझा मजकूर सारखा नामंजूर व्हायचा: "लाडू झालेत गं! बाळाचा गालगुच्चा घे माझ्याकडून."

"अगं, लाड कसले करतेस? वीजबिलासारखं लिही," नवरा म्हणाला होता. मग लिहिलं, "आपली ऑर्डर तयार आहे. कृपया घेऊन जावी." तेच आज पास!

सगळ्यांना एकदम पाठवलं. लगेचच फोन वाजला. "ताई, माझं काही चुकलं का गं? एवढी तुटक कधी बोलत नाहीस!" मागोमाग दुसरीचा, तोच सूर. मला हसू आवरेना, त्यामुळे नीट सांगताही येईना.

संध्याकाळपर्यंत डबे रिकामे झाले. एरवी नवऱ्यांना पाठवणाऱ्या त्या सगळ्या बाळं कडेवर घेऊन स्वतः आल्या होत्या, माझा रुसवा काढायला.