कारखाना पाहिल्याचा दिवस

“दोन वर्षांपूर्वी, बारा मार्चला, तुम्ही स्वतः कारखाना फिरून पाहिलात?” सुनावणी घेणाऱ्या बाईंनी फाइल कंपनीचे ऑडिटर दाबक्यांपुढे सरकवली.

यंत्रं फक्त ताळेबंदात होती; कारखान्यात कबुतरं होती. कंपनी बुडाली, ऑडिटरांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेची नोटीस दाबक्यांच्या दारात आली, तेव्हा कुठे त्यांच्या ऑफिसात पाहणीचे कागद तयार झाले. मागच्या तारखा मदतनिसांनी टाकल्या. पिवळी चिठ्ठी दिसेल तिथं सही ठोकायची, ही दाबक्यांची जन्माची खोड. तारीख त्यांनी आत्ता पहिल्यांदा वाचली.

बारा मार्च. शेजारी बसलेल्या लेकीकडे, ऋजुताकडे, बघायचा धीर होईना. खरं सांगावं तर फाइल खोटी ठरणार, सनद जाणार, बापलेकीची फर्म बंद पडणार.

“हो मॅडम,” ते म्हणाले. “सकाळपासून संध्याकाळपर्यंत कारखान्यातच होतो.”

बाईंनी ते लिहून घेतलं आणि त्या ऋजुताकडे वळल्या. “तुम्ही फर्मच्या भागीदार. तुम्हीही सोबत होतात?”

ऋजुतानं वडिलांकडे पाहिलं. ते टेबलाची कड नखानं खरवडत होते.

“नाही,” ती म्हणाली. “त्या दिवशी मी स्मशानात होते. आई गेली होती. आजवर मला वाटत होतं, बाबाही माझ्याशेजारीच उभे होते.”