पाणवठा की बांध

"सर, मला तर 'पाणवठा'च सरस वाटतो," संगमेश्वर सर म्हणाले आणि खेळाचा पट पुन्हा न्याहाळू लागले.

दयानंद सरांनाही तेच वाटत होतं. पंचाईत तीच होती.

नांदेडच्या कॉलेजात विद्यार्थ्यांनी बनवलेल्या निसर्गखेळांची स्पर्धा होती. शेवटी दोन खेळ उरले होते आणि परीक्षकही दोघंच. खेळांच्या डब्यांवर मुलांची नावं नव्हती, नुसते क्रमांक. जिंकणारा दोन महिने पुण्याला शिकायला जाणार होता. अंतिम फेरीत नांदेडची विशाखा होती आणि जळकोटचा बालाजी. बालाजी हा दयानंद सरांचा सख्खा भाचा. हे त्यांनी कुणालाही सांगितलं नव्हतं.

सकाळीच बहिणीचा, तारामतीचा फोन येऊन गेला होता.

"दादा, पोराचं तेवढं बघ की. इथं ऱ्हाऊन काय करणार हाय त्यो? म्हशी पाण्यावर नेल्या की दिस बुडल्याबिगर घरला येत न्हाई."

"त्याचा खेळ कोणता?"

"मला काय ठावं! दार लावून करतंय समदं."

सांगायची गरजही नव्हती. 'बांध'मध्ये ऊस होता, विहीर होती, रानडुकरं होती. फासा पडेल तसं रान पिकायचं नाहीतर बुडायचं. डोकं फारसं लागत नव्हतं. असा खेळ गावाकडचंच पोर करणार. 'पाणवठा' मात्र भारी होता. हिवाळ्यात तळ्यावर उतरणारे पक्षी आणि प्रत्येक खेळाडूचा एकेक काठ. सगळं पाणी आपल्याकडे ओढलं की पक्षीच उडून जायचे. जिंकायचं तर समोरच्यासाठी थोडं सोडावं लागायचं. शहरातल्या हुशार मुलीचं काम, हे सरांनी केव्हाच ताडलं होतं.

"'पाणवठा' जरा पुस्तकी आहे," ते म्हणाले. "'बांध'ला मातीचा वास आहे."

"तुम्ही विभागप्रमुख. तुम्ही म्हणाल ते खरं." संगमेश्वर सरांनी मुकाट सही केली.

दयानंद सरांना स्वतःची शरम वाटली. वीस वर्षं कॉपी करणाऱ्यांचे कान उपटले आणि आज भाच्यासाठी कुणाच्या पोरीच्या तोंडचा घास काढला. त्यांनी सही केली आणि पेन खिशाला लावलं.

सभागृहात प्राचार्यांनी पाकीट फोडलं. "विजेता खेळ, बांध!" सरांनी मान खाली घातली. त्या मुलीच्या तोंडाकडे बघायची त्यांची हिंमत नव्हती. पुढचं नाव टाळ्यांत बुडून गेलं.

कुणीतरी वाकून त्यांच्या पायाला हात लावला. बालाजी होता. त्याचे डोळे भरून आले होते.

"पाया नंतर पड. आधी बक्षीस घे जा," सर पुटपुटले.

"विशाखा गेली की घ्यायला," तो म्हणाला. "मामा, मला लई भेव होतं, तुम्ही माझी बाजू घेताल म्हणून."