एक ठोका

लिफ्टच्या ब्रेकचा प्रत्येक भाग कारखान्याबाहेर पडण्याआधी तपासणीच्या टेबलावर यायचा. तिथल्या बाई तो भिंगाखाली उलटासुलटा करून बघायच्या आणि मनाला पटला तरच आपल्या खुणेचा पोलादी ठसा त्यावर ठेवून हातोडीने ठोकायच्या. भाग पुढेमागे तुटलाच, तर पास कोणी केला ते खुणेवरून कळावं, अशी तिथली रीत.

या खेपेच्या मालाला बारीक तडे होते. बाईंनी ठसा खिशात घातला तो घातलाच.

"केसाएवढा तडा आणि केवढा बाऊ!" साहेब करवादले. "एक ठोका मारायला तुमचं काय जातं?"

"उद्या लिफ्ट कोसळली तर खूण माझी निघेल, साहेब."

"ते मी बघून घेईन. उद्या दुपारपर्यंत सगळ्या मालावर ठसा दिसला पाहिजे, नाहीतर घरी बसा."

संध्याकाळी बाई ठसे कोरणाऱ्याच्या दुकानात जाऊन आल्या. सकाळी आल्या आल्या हातोडी घेऊन बसल्या, ते दुपारी माल गाडीत चढेपर्यंत त्यांनी मान वर केली नाही.

"शेवटी आलात ना वळणावर!" असं म्हणत साहेबांनी खुशीत टेबलावर उरलेला एक भाग उचलला, उजेडात धरला आणि ते "गाडी थांबवा, माल उतरवा!" असं ओरडत फाटकाकडे धावले. भागावर त्यांचंच नाव आडनावासकट ठसठशीत उमटलं होतं.


"का हो साहेब?" बाईंनी मागून विचारलं. "एका ठोक्याने तुमचं काय जातं?"