वांदराने परत दिलेली ऑर्डर

"हे सांगितलं तर कोणाला खरं वाटायचं नाही," आत्माराम डोर्लेकरांनी सुरुवात केली आणि हॉलमधल्या सगळ्यांनी खुर्च्या पुढे ओढल्या. रत्नागिरीतल्या या कचेरीत सव्वीस वर्षं त्यांची प्रत्येक गोष्ट याच वाक्याने सुरू व्हायची, आणि आजवर एकही कोणाला खरी वाटली नव्हती.

आज त्यांचा निरोप समारंभ. शाल अंगावर पडली होती, नारळ हातात आला होता. मागच्या फळ्यावर कचेरीतल्या दीपालीने रंगीत खडूंनी, वळणदार अक्षरांत लिहिलं होतं : श्री. आत्माराम डोर्लेकर, कनिष्ठ लिपिक, यांना हार्दिक शुभेच्छा. आत्माराम उभे होते ते बरोबर 'कनिष्ठ'च्या पुढे. साहेबांनी दोनदा खूण केली, की इकडे माइकवर या. ते हलले नाहीत. माइकशिवाय आपला आवाज पूर्णगडला घरापर्यंत पोचतो, असं त्यांनी सांगून टाकलं.

पूर्णगड तर समोरच बसलं होतं. पहिल्या रांगेत, ठेवणीतली साडी नेसून, केसांत सुरंगीचा वळेसर माळून. घरी त्यांनी सांगितलं होतं, कार्यक्रम स्टाफपुरताच आहे. पण वहिनींशिवाय निरोप कसला, म्हणून दीपालीने परस्पर फोन केला, आणि त्यांची बायको दमयंती सकाळच्या एसटीने येऊन हजर.

दहा वर्षांपूर्वी त्यांनी दमयंतीच्या हातात पेढ्यांचा पुडा ठेवला होता. बढती झाली, वरिष्ठ लिपिक झालो, म्हणाले होते. पगार खरंच वाढला होता. माणसाची बढती रखडली, की ठरावीक वर्षांनी सरकार त्याला वरच्या जागेचा पगार देतं. जागा देत नाही. एवढं बारीक अक्षरातलं तिला कशाला वाचून दाखवायचं? तिने तो पुडा वाडीत घरोघर फिरवला. दारावरची 'वरिष्ठ लिपिक' लिहिलेली पाटीही तिनेच हौसेने करून आणली. ती पाटी रोज सकाळी मागे टाकून आत्माराम कचेरीला निघायचे.

त्या जागेचं झालं होतं असं. कचेरीतली ज्येष्ठता यादी टाइप करायचं काम आत्मारामांचंच. एका वर्षी खात्याची परीक्षा पास झाल्याच्या तारखा त्यांनी सगळ्यांच्या भरल्या, आणि स्वतःची भरायला विसरले. हरकत घ्यायला पंधरा दिवस होते. पण आपणच केलेल्या यादीवर आपणच हरकत कुठल्या तोंडाने घ्यायची, या लाजेत पंधराच्या पंधरा दिवस गेले. यादी कायम झाली. पुढच्या वर्षी दुरुस्त करू म्हणेपर्यंत नियम बदलले. नव्या नियमात संगणकाचं प्रमाणपत्र लागत होतं. ते आणलं, तेवढ्यात नवे नियमही जुने झाले. त्यांच्या हाताखाली फाइल बांधायला शिकलेला ऋत्विक आता त्यांचा वरिष्ठ होता.

आणि आज वांदराच्या गोष्टीची फर्माईश त्याचीच. बढती का नाही झाली, असं कोणी विचारलं की आत्माराम वांदराची गोष्ट सांगत. लाजलो म्हणून सांगण्यापेक्षा वांदर बरा. आज मात्र त्यांनी टाळून पाहिलं. आधी मंडणगडच्या मतदान केंद्रात शिरलेला बिबट्या काढला, मग सावर्ड्याला जीप ओढून नेणारा रेडा. पोरं वांदरावरच अडून बसली.

"तर बढतीची ऑर्डर आली," आत्माराम म्हणाले. "टेबलावर ठेवली नि पाणी प्यायला गेलो. एवढ्यात खिडकीतून वांदर आत. डब्यात भाकरी नि सुकट होती, तिला त्याने हात लावला नाही. ऑर्डर उचलली. आधी जावक क्रमांक बघितलान, मग सही बघितलीन. नि कौलांवर जाऊन थोरल्या वांदराच्या हातात दिलीन. त्यांच्यात ज्येष्ठता अजून चालते."

साहेबसुद्धा हसले. दमयंती तोंडाला पदर लावून हसत होती. नवऱ्याचं एवढं कौतुक तिने कधी पाहिलं नव्हतं.

नेहमीच्या गोष्टीत थोरला वांदर ऑर्डर काखेत मारून डोंगरात जायचा, तो गेला तो गेलाच. आत्माराम तिथवर आले आणि त्यांची नजर दमयंतीच्या वळेसरावर गेली. मग त्यांनी शाल काखेत खोचली, डोकं खाजवलं आणि सवयीने दोन उड्या मारून टेबलापाशी गेले. थोरला वांदर ते असाच करून दाखवत.

"वाचलीन त्याने. नाव माझं बघितलान नि मुकाट खाली टाकलीन," ते म्हणाले. "मी त्याच दिवशी वरच्या जागेवर रुजू झालो."

"काय भाऊ," ऋत्विक हसत म्हणाला, "आजवर त्या वांदराने ऑर्डर कधी परत दिली नव्हती."

हॉल पुन्हा हसला. आत्माराम पुन्हा फळ्यापुढे जायला मागे सरकू लागले, पण उड्या मारत गेले तेव्हाच फळा उघडा पडला होता. 'कनिष्ठ' तेवढं दीपालीने लाल खडूने लिहिलं होतं. दमयंती ते वाचत होती. अक्षरं लावत, सावकाश. पदर तोंडावरून खाली आला.

"मग मी वाडीभर वाटले," तिने विचारलं, "ते पेढे कसले होते?"