कॅमेऱ्यापासून सहा पावलं

डोक्याला बांधलेली लाल बॅटरी दोनदा लुकलुकली आणि विझली. प्रमिलाने उचललेला पाय हळूच खाली ठेवला आणि ती जागच्या जागी उभी राहिली.

कॅमेऱ्यापासून सहा पावलांवर संत्र्याचं झाड, फांदीला अडकवलेली पिशवी, पिशवीत नवे सेल. सहा पावलं झाली होती. तिने हात पुढे केला. हाताला झाड लागलं नाही. बाजूला नेला. तिकडेही नाही.

मागून आवाज आला. खट्ट.

ध्रुवाकडे तोंड करून तिपाईवर बसवलेला तिचा जुना कॅमेरा दर अर्ध्या मिनिटाला एक फोटो घेत होता. असे शेकडो फोटो एकावर एक रचले की चांदण्यांची वर्तुळं उमटतात. पांढुर्णा-सौसरच्या हौशी आकाशनिरीक्षकांच्या मंडळात हे काम प्रमिलासारखं कोणालाच जमत नसे. शाळेच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं काचेची भांडी हाताळलेली बाई ती, हात जराही हलायचा नाही.

फक्त तिला रात्री दिसत नव्हतं. आणि हे मंडळात कोणालाच ठाऊक नव्हतं.

नागपूरच्या डॉक्टरांनी चार वर्षांपूर्वी सांगितलं होतं. आधी रात्रीचं जाईल, कडेचं जाईल, मग हळूहळू उरलेलं. तेव्हापासून ती कुठेही दिवस असतानाच पोचायची. "जागा पाहून येते," म्हणायची आणि पावलं मोजून ठेवायची. सगळ्यांना वाटे, बाई मोठी शिस्तीची. आज बोरगावजवळच्या गुणवंताभाऊंच्या या बागेतही तिने दिवसाउजेडी सगळं मोजलं होतं. झाड सहा पावलं. विहीर सात. विहिरीला कठडा नव्हता.

हाक मारता आली असती. दोन वावरं पलीकडे, मळ्यातल्या खोलीत, बाकीचे सगळे भरीत-भाकर खात बसले होते. "तुम्ही जा, मी बसते कॅमेऱ्यापाशी," असं तिनेच म्हटलं होतं. पण हाक मारली की सगळे धावत येणार, ती अशी हात पसरून उभी दिसणार, आणि पुढच्या वेळी तिला कोणी सोबत नेणार नाही. काळजीपोटीच नेणार नाही. विहिरीपेक्षा तिला त्याची धास्ती जास्त होती.

खट्ट.

या वेळी आवाज डावीकडून आला होता. ती वळली, एक पाऊल टाकलं, थांबली. खट्ट. अजून थोडं डावीकडे. आणखी एक पाऊल. ती पुढच्या आवाजाची वाट पाहू लागली.

आवाज आला नाही.

तिने तीसपर्यंत मोजलं. साठपर्यंत मोजलं. कॅमेरा गप्प होता. आता कोणती बाजू कुठली, हे सांगणारं काहीच उरलं नाही.

घाबरायचं नाही, तिने स्वतःला बजावलं. चंद्र साडेदहाला उगवणार होता. तो आला की आवरायचं, असं सगळ्यांचं ठरलंच होतं. चंद्राच्या उजेडात तिला अजून वाट आणि झाड वेगवेगळं कळायचं. मागच्या महिन्यातही कळलं होतं. तेव्हा फक्त उभं राहायचं. चंद्र येईपर्यंत हलायचं नाही.

पुढ्यात वाळलेलं पान चुरचुरलं.

तिने श्वास रोखला. समोरचा श्वास मात्र चालू होता. दबका, जवळचा. पुन्हा पान वाजलं, अजून जवळ. मागच्याच आठवड्यात बिबट्याने शेजारच्या वाडीतलं वासरू नेलं होतं. प्रमिलाचे पाय तिचं ऐकेनात. ती एक पाऊल मागे सरकली. मग दुसरं. टाचेखालचं ढेकूळ सुटलं, घरंगळलं आणि थोड्या वेळाने खूप खोलवर पाण्यात पडल्याचा आवाज आला.

तोच कोणीतरी तिचा दंड धरला आणि जोराने ओढलं. दोघीही मातीत पडल्या.

"ताई, मी हाय! दीपाली!"

दीपाली सौसरच्या दवाखान्यात नर्स होती. तिच्याच स्कूटीवर मागे बसून प्रमिला इथे आली होती.

"आवाज दिला असता तर तुम्ही दचकल्या असत्या, अन् मागं विहीर. म्हणून लांबूनच चपला काढून हळूहळू आली मी." तिला धाप लागली होती. "पण तुमचं तोंड तर माझ्याकडंच होतं ना. माझ्याकडं पाहून पाहून तुम्ही मागं काहून जाऊन राहिल्या होत्या?"

या प्रश्नाचं उत्तर प्रमिलाने चार वर्षं तयार ठेवलं होतं. "बॅटरी गेली ना बाई. अंधारात कोण हाय ते समजलंच नाही. कॅमेरा बी बंद पडला वाटते."

दीपालीने धरलेला दंड सोडला नाही.

"कॅमेरा मीच बंद केला, ताई," शेवटी ती म्हणाली. "चंद्र आला म्हणून. जेवता जेवता आमाले उशीरच झाला, पाऊण घंटा झाला त्याले येऊन. सारी बाग उजळून राहिली."

प्रमिला मातीत बसूनच राहिली.

"कोणत्या बाजूले हाय?" तिने विचारलं.

दीपालीने तिची हनुवटी धरली आणि तोंड पूर्वेकडे वळवलं, थोडं वर केलं.

चंद्र दिसला. पिवळट, एका कडेने उतरलेला, अगदी स्वच्छ. प्रमिलाने त्याच्यावरून नजर खाली आणली. झाडांकडे, विहिरीकडे, हाताच्या अंतरावरच्या दीपालीच्या चेहऱ्याकडे. उजेड कुठेच पडलेला नव्हता.